धामणगावची खुर्ची

निवडणुकीच्या निकालानंतर तिसऱ्या दिवशी मिरवणूक गावात येणार होती. आईने उजाडायच्या आत अंगणात सडा टाकला आणि बाबांनी खुर्चीवरचे प्लास्टिक काढले.

खुर्ची सागवानी होती. वेताची बैठक आणि कोपर टेकून वर पुस्तक ठेवता येईल एवढे रुंद हात. धामणगाव रेल्वेच्या स्टेशनावरचे जुने सामान लिलावात निघाले तेव्हा बाबांनी ती घेतली आणि संत्र्याच्या परतीच्या ट्रकवर टाकून मोर्शीपर्यंत आणली. त्याआधीच्या निवडणुकीत पक्षाचा एक मोठा माणूस आमच्याकडे आला होता. घरात नीट खुर्ची नव्हती, म्हणून तो बाजेवर बसला आणि बाज मधोमध खचली. ती लाज बाबांनी वर्षभर बाळगली. खुर्ची आली, तिच्यावर प्लास्टिक चढले, आणि पस्तीस वर्षांत चार पुढारी तिच्यावर बसले. घरातले कोणी बसले नाही.

मी एकदा बसले होते. दहा वर्षांची असेन. दुपारची वेळ होती आणि हातात पुस्तक होते. बाबा शेतातून आले, त्यांनी माझा दंड धरून मला उठवले. ओरडले नाहीत. मी उठल्यावर त्यांनी खांद्यावरच्या शेल्याने बैठक पुसली. मार मी विसरले असते. ते पुसणे मात्र राहिले.

त्या दिवशीही ते खुर्ची पुसत होते. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या, मग बोटावर तेल घेऊन हातांच्या नक्षीतून. मी दाराला टेकून पाहत होते. मी एक्केचाळीस वर्षांची, अकोल्यात जठारपेठेत राहणारी, शाळेत ग्रंथपाल असलेली बाई, आणि एका लाकडाच्या वस्तूचा हेवा करत होते.

"किती पुसता अवो?" आई म्हणाली. "लाकूड झिजून जाईन."

"साह्यबाचे कपडे पांढरे रायतात."

"कायचा साह्यब? परवापरवापर्यंत तर तुमी त्याले चोर म्हनत होते."

बाबा पुसतच राहिले. तिचे खरेच होते. हा माणूस वीस वर्षे आमच्या चिन्हाविरुद्ध लढला. देवळाच्या पारावर उभा राहून त्याने बाबांना नाव घेऊन 'टिळेवाला पोपट' म्हटले होते. निवडणुकीच्या दीड महिना आधी तो पक्षात आला आणि उमेदवारीही त्यालाच मिळाली. बाबा चार दिवस जेवले नाहीत. पाचव्या दिवशी मतदारयादी काखेत मारून घरोघर हिंडायला लागले. "चिन्ह आपलं हाय ना," असे लोकांना सांगायचे. लोक म्हणायचे, "भगवंतभाऊ, देव तोच हाय, पन गाभाऱ्यात कोन बसवला ते पाहा ना!" तरी गावाने मत दिले. पिढ्यान्पिढ्या त्याच चिन्हाला देत आले होते, हात दुसरीकडे वळेना.

मिरवणूक अकराला येणार होती, आली दीडला. गुलालाने रस्ता लाल झाला. शेजारून मागितलेल्या सहा प्लास्टिकच्या खुर्च्या अंगणात अर्धगोल मांडल्या होत्या आणि मधे धामणगावची. चहा दोनदा उकळून कडू झाला, आईने तिसऱ्यांदा आधण ठेवले. उघडी जीप कोपऱ्यावर वळली. बाबा हार घेऊन फाटकात उभे राहिले.

जीप दोन घरे अलीकडे, नत्थुजींच्या दाराशी थांबली.

नत्थुजी बाबांच्याच वयाचे. शाळेपासून सोबत, आणि राजकारणात जन्मभर उलट बाजूला. हा आमदार त्यांचा जुना माणूस. त्याच्याबरोबर तेही दीड महिन्यापूर्वी आमच्या पक्षात आले होते. त्यांच्या बायकोने, पंचफुलाकाकूने, ओवाळले. आमदार ओट्यावर बसला. चहा प्याला. मग आत जाऊन पोहेही खाल्ले असावेत, कारण वीस मिनिटे गेली. बाबांच्या हातातल्या हाराच्या शेवंतीच्या पाकळ्या गळत राहिल्या. नंतर जीप आमच्या फाटकासमोरून निघाली तेव्हा आमदार उभा राहून हात जोडत होता, आम्हाला, विजेच्या खांबाला, समोरच्या गोठ्यातल्या म्हशीला. कोणीतरी गुलालाची मूठ उधळली. ती उडून अंगणात आली आणि खुर्चीच्या वेतावर बसली.

बाबांनी हार फाटकाच्या खिळ्याला अडकवला आणि सहा खुर्च्या दोन खेपांत शेजारी परत नेल्या. मी मदतीला गेले तर म्हणाले, "राहू दे. मीच मांगून आनल्या होत्या."

आई चुलीशी बसून होती. "तिच्या ओट्यावर बसला," ती म्हणाली. "पंचफुलेच्या. आमी दोघी एकाच वर्षी या गावात आलो. तिच्या घरी सारं आधी येते. नळ आधी, टीव्ही आधी, नातू आधी. आता आमदारही."

"आई, त्या आमदाराचं काय एवढं?"

"तुले नाई समजत. तू पुस्तकं वाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची घरात नव्हती. मी रजा टाकून तोडणीसाठी राहिले होते. बाबांनी यंदा पहिल्यांदाच फोन करून, "येतं का दहा दिवस?" असे विचारले होते. घरामागच्या पांदणीने बगिच्यात गेले, तर धामणगावची खुर्ची संत्र्याच्या झाडाखाली काळ्या मातीत उभी होती आणि तिच्यावर भरलेले कॅरेट होते.

"कॅरेट ठेवाले बरी हाय," बाबा म्हणाले. "वाकाव नाई लागत."

आंबिया बहाराचा तोडा चालू होता. दव सुकल्याशिवाय फळाला हात लावायचा नसतो, ओले फळ वाटेत सडते. म्हणून नऊपर्यंत सगळे शेकोटीपाशी बसत. मग बाया झाडाला भिडत. फळ मुठीत धरून जरा पिरगाळायचे, देठाची टोपी फळावर राहिली पाहिजे, मग झोळीत. वरचे फळ शिडीवरून. मला पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच जमले. बोटांना सालीचे तेल झोंबायला लागले, आणि नखांजवळच्या चिरांत ते गेले की डोळ्यांत पाणी यायचे. बाबा छाटणीला बसत. मोठे फळ एकीकडे, चुरी म्हणजे बारके फळ दुसरीकडे. त्यांचे हात हिशेब न करता चालत. तोंड बंद असे.

तोडणीच्या बायांची पुढारीण सुंदराबाई. कमरेत वाकलेली आणि जिभेने सरळ. दुपारच्या भाकरीच्या वेळी बाबांनी खुर्चीवरचे कॅरेट उचलून खाली ठेवले.

"सुंदराबाई, बस इथं."

"मी? साह्यबाच्या खुर्चीवर?"

"साह्यब नाई येत. तू बस. तुई कंबर दुखते ना."

"बसतो बाप्पा. पन उद्या मले मत मांगाले लावू नका!" बाया हसल्या. सुंदराबाई बसली, रुंद हातावर भाकरी ठेवली, दुसऱ्या हातावर मिरची. "काय ऐसपैस हाय वो हे! म्हनूनच थे लोकं उठत नाईत."

बाबाही हसले. निकालानंतर पहिल्यांदाच.

मी भरलेली झोळी खांद्यावर घेऊन उभी होते. सुंदराबाईचे पाय मातीचे होते, लुगड्याला सालीचा चीक होता. बाबांनी बसण्याआधी बैठक पुसली नाही आणि ती उठल्यावरही पुसली नाही. मला खूप राग आला. कोणाचा, हे मला माहीत होते, म्हणून मी झाडाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन भाकरी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी अब्दुल सत्तार आले. मोर्शीचे व्यापारी, वीस वर्षांपासून आमचा माल तेच नेतात. तेही त्या खुर्चीवर बसले, एक फळ सोलून चाखले आणि म्हणाले, "माल मीठा हाय, भगवंतराव. मालक कावून कडू झाला?"

"कडू नाई झालो."

"एक गोष्ट विचारू? तुमी मत चिन्हाले देल्लं का माणसाले?"

"चिन्हाले."

"आन् तनखा कोन घेते? चिन्ह का माणूस?"

बाबांनी चुरीच्या ढिगातले फळ उचलून मोठ्याच्या ढिगात टाकले. मग ते पुन्हा काढले. "सत्तारभाई, तुमाले एक सांगू? माया बापानं त्याच चिन्हाले मत देल्लं. देवळात गेल्यावर कोनी पुजारी पाहून हात जोडते काय? मी तसाच जोडत गेलो. आता वाटते, मूर्ती कवाच उचलून नेली यायनं. आपन रिकाम्या गाभाऱ्यात घंटी वाजवून राहिलो."

"हमारे यहाँ भी वोही हाल हाय," सत्तार म्हणाले. "ज्याले आमी देल्लं, तो निकालाच्या दिवशीपासून फोन उचलत नाई. चला, तुमचा नाई, आमचा नाई, दोघायचा हिशोब बरोबर!"

दोघे हसले. त्या हसण्यातही मी नव्हते. बाबा इतके बोलतात हेच मला माहीत नव्हते. माझ्याशी फोनवर त्यांचे बोलणे तीन वाक्यांचे असे: जेवली काय, पाऊस हाय काय, ठेवतो.

दहा दिवसांत त्या खुर्चीवर सुंदराबाई बसली, सत्तार बसले, टेम्पोचा ड्रायव्हर बसला, एकदा बगिच्यातली कुत्री चढून झोपली तर बाबांनी तिलाही उठवले नाही. मी वाट पाहत होते. मोठ्या बाईने असे काही मनात धरू नये, पण मी रोज सकाळी पांदणीतून येताना ठरवायचे की आज ते म्हणतील. मी लवकर, दव असतानाच यायचे. खुर्ची झाडाखाली कोरडी, स्वच्छ असायची. मला वाटे, अब्दुल सत्तार येणार असतील.

एवढे मात्र झाले. एका सकाळी शेकोटीपाशी आम्ही दोघेच होतो. धुके झाडांच्या बुंध्यांपर्यंत उतरले होते. बाबा निखाऱ्यांत काडी फिरवत म्हणाले, "रागिनी, तो आता कवाई आला, मी असलो नसलो, तरी या खुर्चीवर नाई बसला पायजे."

"कोण?"

"तुले समजलं कोन ते."

"बरं."

"बरं नाई. हो म्हन."

"हो."

जन्मात त्यांनी मला दिलेले हे पहिले काम. मी ते खिशात ठेवल्यासारखे दिवसभर सांभाळले.

सुटी संपून मी अकोल्याला गेले. नवव्या दिवशी सकाळी सुंदराबाईच्या फोनवरून आईचा आवाज आला. बाबा छाटणीला बसले होते. बसल्या बसल्याच कलंडले. मोर्शीला नेईपर्यंत सगळे संपले होते. मी पोचले तेव्हा त्यांच्या नखांत अजून सालीचा पिवळा रंग होता. तो तसाच ठेवा, असे मी आंघोळ घालणाऱ्यांना सांगितले.

अग्नी मी दिला. आमच्याकडे चिता पेटली की लोक स्मशानातच बसतात आणि शोकसभा होते. गावचे दोघे-तिघे बोलले, पक्षाचा तालुक्याहून कोणीच आला नव्हता. शेवटी नत्थुजी उठले. टोपी काढून हातात धरली.

"चाळीस वर्सं मी याच्या उलट मत टाकलं," ते म्हणाले. "भांडलो, पन एकमेकाचं तोंड पाहाची लाज नाई वाटली. यंदा पयल्यांदा आमी दोघानं एकच बटन दाबलं. आन् दोघानलेही लाज वाटली. हा मले बोलला नाई. मी याले बोललो नाई. मिरवनुकीच्या दिवशी मी म्हनाले पायजे होतं, साह्यब, आधी भगवंताच्या घरी चाला. मी नाई म्हटलं." टोपी डोक्यावर घालून ते खाली बसले.

सुतकाच्या आठव्या दिवशी नत्थुजी सांगत आले की उद्या आमदार भेटायला येणार आहे. आई आठ दिवस भिंतीला टेकून होती. ती सरळ बसली.

"आपल्या घरी?"

"हो वहिनी. आपल्याच."

त्या रात्री तिने मला दोनदा विचारले की अंगण झाडले का. सकाळी तिने धुतलेले पांढरे लुगडे नेसले. मी बाबांना दिलेला शब्द तिला सांगितला नव्हता. आज सांगू, उद्या सांगू, असे करत राहिले. खरे म्हणजे तो मला कोणाला द्यायचा नव्हता.

अकराच्या सुमारास गाडी आली. आमच्या अंगणात पंधरावीस माणसे सतरंजीवर बसली होती. गाडी दोन घरे अलीकडे थांबली. ड्रायव्हरला तेच एक घर माहीत होते.

आमदार उतरला, चपला काढून ओट्यावर चढला. पंचफुलाकाकू सुपात तूर निवडत होती. त्याने तिच्याकडे न पाहताच हात जोडले, मान खाली घातली.

"फार वाईट झालं, काकू. आमचा आधार गेला. आता मन घट्ट करा."

पंचफुलाकाकूचा हात कपाळाच्या कुंकवाकडे गेला. मग तिने जो आवाज काढला तो आमच्या अंगणापर्यंत आला. "अवो, माया मालक जित्ता हाय! तिकडं फाटकात उभा हाय पाहा! तुयं तोंड जळो, कोनाच्या घरी काय बोलतं?"

नत्थुजी आमच्या फाटकातून धावत गेले. बरोबरच्या माणसाने आमदाराच्या कानात काहीतरी सांगितले. अंगणातल्या बायांनी पदर तोंडाला लावले, त्यातल्या काही हसत होत्या. आई हसली नाही. ती पंचफुलेच्या दाराकडे पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते. या वेळीही तो आधी तिथेच गेला होता.

नत्थुजी त्याला घेऊन आले. त्यांचा चेहरा उतरला होता. आमदार अंगणात उभा राहिला, हात जोडलेलेच होते, नजर सतरंजीवरून फिरली. त्याचा पायजमा पांढराशुभ्र होता आणि सतरंजीवर लहान मुलांनी पायाची माती आणली होती.

"खुर्ची?" नत्थुजी हळूच म्हणाले. "भगवंताची ते मोठी खुर्ची होती ना?"

"बगिच्यात हाय," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "रागिनी, जाय. घेऊन ये."

सगळ्यांसमोर तिने मला सांगितले. तिच्या डोळ्यांत जे होते ते मी आधी कधी पाहिले नव्हते. ती एवढेच मागत होती. पंचफुलेने दुरून पाहावे, आणि आमच्या अंगणात, धामणगावच्या खुर्चीवर, तो बसलेला दिसावा.

मी उठले आणि पांदणीने निघाले.

बगिच्यात शेवटची चार झाडे राहिली होती. सुंदराबाई एकटीच शिडीवर होती, सत्तारांचा टेम्पो संध्याकाळी येणार होता. खुर्ची झाडाखाली होती. गुलाल वेताच्या भोकांत अजून लालसर दिसत होता, एका हातावर चिकाचा काळा डाग होता. मी दोन्ही हातांनी ती उचलली. जड होती. दहा पावले गेले आणि खाली ठेवली.

"कोनासाठी नेता?" सुंदराबाईने शिडीवरून विचारले.

"आमदार आला आहे."

"त्याच्यासाठी?" ती एक एक पायरी उतरली. "मले वाटलं, तुमच्यासाठी. भाऊ रोज सकाई पुसाले लावत मले. कुत्री बसते, दव पडते, नीट पुस, म्हनत, रागिनी येईन आता. मी रोज पुसली. तुमी एक दिवस नाई बसल्या. मी म्हटलं भाऊले, तुमीच सांगा ना तिले बसाले. म्हने, मी नाई सांगत. मीच उठवली होती तिले."

सुंदराबाई परत शिडीवर चढली. तिला काम होते.

मी खुर्चीवर बसले. वेत थंड होता, मधे जरा खोलगट. खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवले, ते पुरून उरले. घराच्या बाजूने बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी पुस्तक आणायला हवे होते, असे एक वेडे वाटून गेले. नखांजवळच्या चिरा अजून भरल्या नव्हत्या. बऱ्याच वेळाने गाडीचा हॉर्न वाजला, मग एकदा आणखी दूर वाजला. तेव्हा मी उठले. खुर्ची जिथे होती तिथे, झाडाखाली नेऊन ठेवली.

अंगण रिकामे झाले होते. आई सतरंजीच्या कडेला बसली होती.

"नाई भेटली?"

"भेटली."

"मंग?"

"आणली नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "त्यानं दोनदा पांदनीकडे पाह्यलं," ती म्हणाली. "मंग बसला खाली. पायजमा आवरत आवरत. माया समोर, मातीत. पंचफुला तिच्या ओट्यावरून पाहत होती." क्षणभर तिच्या तोंडावर काहीतरी उजळले आणि गेले. "जाताना येतो म्हने. सुतकाच्या घरातून येतो म्हनते काय कोनी? लेकराले समजते थे."

मी तिच्याजवळ बसले. आता सांगणे भाग होते.

"बाबांनी सांगितलं होतं मला. तो त्या खुर्चीवर बसायचा नाही म्हणून."

"कवा?"

"तोडा सुरू होता तेव्हा. शेकोटीपाशी."

आईने सतरंजीवरची माती तळहाताने एका जागी गोळा केली. मग तो ढीग पुन्हा पसरला.

"तुले सांगतलं त्यानं," ती म्हणाली. "पन्नास वर्सं झाली मले या घरात. मले नाई सांगतलं."

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवला नाही, पण धरलाही नाही. खुर्ची रोज कोणासाठी पुसली जात होती, हे त्याच वेळी तिला सांगता आले असते. तोंडापर्यंत आले होते.

मी ते सांगितले नाही. ते मी माझ्यापाशी ठेवले.